आधी सोयरीक, मग सामना

24 नोव्हेंबर 1973, शनिवार. मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांचे फुटबॉल संघ अ‍ॅन आर्बरच्या मैदानात उतरले, तेव्हा दोघांपैकी एकानेही त्या हंगामात सामना गमावलेला नव्हता. फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा, लंबगोल चेंडूचा. मैदानात एक लाख पाच हजारांहून जास्त माणूस होता. मध्यंतराला ओहायो स्टेट 10-0 ने पुढे होतं. नंतर मिशिगनने एक फील्ड गोल मारला, म्हणजे किक मारून तीन गुण घेतले, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा मुख्य खेळाडू, डेनिस फ्रँकलिन स्वतःच चेंडू घेऊन घुसला. 10-10. पुढे थोड्या वेळात त्याच फ्रँकलिनचं कॉलरबोन मोडलं. शेवटच्या मिनिटांत मिशिगनच्या माइक लँट्रीच्या दोन किक हुकल्या आणि सामना बरोबरीत सुटला.

हे दोन्ही संघ ज्या गटात खेळत, त्या ‘बिग टेन’ कॉन्फरन्सकडे हंगामानंतरच्या सामन्याचं एकच तिकीट होतं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात 1 जानेवारीला होणारा रोझ बाऊल. ओहायो स्टेट आदल्याच वर्षी तिथे जाऊन आलं होतं, त्यामुळे या खेपेला मिशिगन जाणार असं बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदान केलं. सहा विरुद्ध चार. ओहायो स्टेट गेलं. फ्रँकलिन जायबंदी असल्याने मिशिगन पडेल आणि अख्ख्या कॉन्फरन्सची लाज जाईल, असा हिशेब त्यामागे होता, असं तेव्हापासून मानलं जातं.

मिशिगन मात्र कुठेच गेलं नाही. देशात असे हंगामानंतरचे दुसरे सामने, म्हणजे ‘बाऊल’, होते, त्यांना असा संघ हवाच होता. पण रोझ बाऊलखेरीज दुसरीकडे कुणी खेळायचं नाही, हा बिग टेनचा नियम होता. 1972, 1973 आणि 1974 अशा तीन हंगामांत मिशिगनने 30 सामने जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत सोडवला. हरलेले दोन्ही ओहायो स्टेटविरुद्धचेच. ती तीन वर्षं खेळलेली मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, पण बाऊलचं मैदान त्यांना दिसलं नाही. 1975 मध्ये नियम बदलला, तोवर ती गेलेली होती.

कॉलेज फुटबॉलचे ‘टाय-इन’ म्हणजे काय, हे कुणी विचारलं की मी या गोष्टीपासून सुरुवात करतो. कारण या व्यवस्थेचं मर्म तिच्यात उघडं दिसतं. हंगाम मुलं खेळतात आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्याचा हक्क मात्र कॉन्फरन्सच्या कार्यालयात कराराच्या कागदावर असतो. माझं म्हणणं असं की हा हक्क कॉन्फरन्सकडे असण्याला आता काहीही आधार उरलेला नाही. तो काढून घ्यायला हवा.

आपल्याकडे दोन घराण्यांनी एकमेकांना शब्द द्यायचा, ‘तुमच्या घरातला मुलगा आणि आमच्या घरातली मुलगी’, आणि कुठला मुलगा, कुठली मुलगी ते पुढे बघायचं, अशी सोयरीक एके काळी होत असे. टाय-इन ही तशीच सोयरीक. एका बाजूला कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांची संघटना. दुसऱ्या बाजूला बाऊलची समिती. ही समिती बहुतेक वेळा त्या शहरातल्या हॉटेलवाल्यांची, व्यापाऱ्यांची, पर्यटन खात्याशी घरोबा असलेल्या मंडळींची ना-नफा संस्था असते. नाताळच्या सुट्टीत शहरातल्या रिकाम्या खोल्या भराव्यात हा तिचा मूळ हेतू आणि तो त्यांनी कधी लपवलेलाही नाही. हल्ली ईएसपीएन ही वाहिनी स्वतःच डझनभराहून अधिक बाऊल चालवते. सामना तिचा, प्रक्षेपणही तिचं.

करार चार-सहा हंगामांचा असतो. रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच हे सहा मोठे बाऊल आता राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, गुंतलेले आहेत. त्यांखालच्या पंचवीस-तीस बाऊलांच्या करारात लिहिलेलं असतं की अमुक कॉन्फरन्समधून प्लेऑफला गेलेले संघ वगळले की पहिली पसंती आमची, किंवा तिसरी, किंवा पाचवी. कॉन्फरन्सला किती पैसे मिळणार, संघाने किती तिकिटं उचलायची, पात्र संघ पुरे पडले नाहीत तर बदली कुठून आणायचा, हेही त्यातच. पात्र व्हायला बारांपैकी सहा सामने जिंकले की पुरतं. मिळालेली रक्कम जिंकलेल्या विद्यापीठाच्या हातात जात नाही. ती कॉन्फरन्सच्या तिजोरीत जाते, तिथून खर्च वजा होऊन सगळ्यांत वाटली जाते. म्हणजे ज्यांनी दोनच सामने जिंकले तेही त्यात वाटेकरी.

इथे ‘पसंती’ हा शब्द नीट बघायला हवा. तिसरी पसंती म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा संघ असं नाही. कुणाचे चाहते जास्त प्रवास करतात, कोण चार रात्री हॉटेलात राहील, कोणाच्या नावाने टीव्हीसमोर माणसं बसतील, हे बघून बाऊल निवड करतो. फिएस्टा बाऊलचे पिवळे कोट आणि ऑरेंज बाऊलचे नारिंगी कोट घातलेले प्रतिनिधी वर्षानुवर्षं प्रेक्षागारात बसून संघ हेरत असत. तिथे खेळाइतकीच वाहनतळावरची गर्दीही पाहिली जाई. 2014 पासून एसईसी या दक्षिणेकडच्या बलाढ्य कॉन्फरन्सने ही निवड बरीचशी स्वतःकडे घेतली. प्लेऑफनंतर सिट्रस बाऊल आपला संघ उचलतो, पुढच्या सहा बाऊलांना कोणता संघ द्यायचा ते कॉन्फरन्सचं कार्यालय ठरवतं. त्याच सुमारास बिग टेननेही करारांत अट घातली की सहा वर्षांत निदान पाच वेगवेगळे संघ घ्या, तेच ते बोलावू नका. या सुधारणा चांगल्या हेतूच्या होत्या, हे मान्य. पण निवडीचा हक्क एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत गेला, इतकंच झालं.

माझा भाचा ओहायोतल्या एका मध्यम विद्यापीठात शिकला. बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. त्याच्या संघाला एका वर्षी दक्षिणेतल्या एका छोट्या बाऊलचं बोलावणं आलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नाव जाहीर झालं आणि दोन आठवड्यांच्या आत बँडच्या बसा निघाल्या. परीक्षा नुकत्याच संपलेल्या, मुलं रात्रभर बसमध्ये. सामना आडवारी, दुपारचा. मी घरी टीव्ही लावून बसलो होतो आणि मैदान बऱ्यापैकी भरलेलं दिसत होतं, म्हणून रात्री फोनवर त्याला तसं म्हटलं.

“मामा, आम्हाला सगळ्यांना कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला बसवलं होतं,” तो म्हणाला. “दुसऱ्या बाजूला कोणीच नव्हतं.”

मग त्याने सांगितलं की बँडच्या मुलांच्या खुर्च्याही विद्यापीठाला तिकिटं काढून घ्याव्या लागल्या होत्या. जी मुलं वाजवायला आली, ज्यांच्यामुळे त्या रिकाम्या मैदानात थोडा जीव आला, त्यांच्या बसण्याचेही पैसे. मला त्या रात्री झोप लागली नाही. पण त्याच फोनवर त्याने दुसरीही एक गोष्ट सांगितली. त्यांच्या ड्रमवाल्या मुलाने, शेतकऱ्याचा मुलगा तो, त्या प्रवासात आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळा बँड बुटं काढून पाण्यात उभा होता. बाऊल बंद करा असं मी कधीच म्हणत नाही, ते या समुद्रामुळे.

तिकिटांची ही सक्ती मोठ्या बाऊलांतही होती आणि तिथे तिचा आकडा छाती दडपवणारा होता. 1 जानेवारी 2011 च्या फिएस्टा बाऊलसाठी कनेटिकट विद्यापीठाला 17,500 तिकिटं उचलावी लागली. ते बिग ईस्टचे विजेते होते आणि त्या कॉन्फरन्सच्या विजेत्याला बड्या बाऊलांत जागा राखीव होती. कनेटिकट ते अ‍ॅरिझोना म्हणजे देशाचं एक टोक ते दुसरं. त्यांतली फार थोडी तिकिटं विद्यापीठाकडून विकली गेली, कारण चाहत्यांना तीच तिकिटं इंटरनेटवर कितीतरी स्वस्तात मिळत होती. विद्यापीठाला दीड दशलक्ष डॉलरहून अधिक खड्डा पडला. सामना ओक्लाहोमाने 48-20 असा जिंकला. हंगाम गाजवल्याचं बक्षीस म्हणून सार्वजनिक विद्यापीठाने बिल भरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये फिएस्टा बाऊलचा प्रमुख जॉन जंकर याला काढून टाकण्यात आलं. कर्मचाऱ्यांकडून राजकारण्यांना देणग्या द्यायला लावून त्यांची भरपाई संस्थेच्या पैशातून केल्याचं चौकशीत निघालं होतं. स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पार्टीचे तेहतीस हजारांहून जास्त डॉलरही त्याने संस्थेच्याच खात्यावर टाकले होते. पुढे त्याला तुरुंगवास झाला.

आपल्या माणसांचा याच्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. पुण्या-नाशिकहून एमएस करायला येणारी शेकडो मुलं अशाच मध्यम सरकारी विद्यापीठांत शिकतात. त्यांपैकी कित्येक विद्यापीठांत क्रीडा विभागाची तूट विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून निघते. फीच्या पावतीवर ती ओळ असते. कर्ज काढून शिकणाऱ्या, फुटबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या मुलीच्या पैशातून न विकलेल्या तिकिटांचा खड्डा बुजतो. हा प्रश्न तिचाही आहे.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही आणि ती नीट मांडल्याशिवाय माझं म्हणणं उभं राहणार नाही. करार नव्हते तेव्हा सगळं समित्यांच्या मर्जीवर चाले आणि ती मर्जी भयानक असू शकत होती. 1951 मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. त्या संघात ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन काळे खेळाडू होते. दक्षिणेतल्या बाऊलांना संघ हवा होता, पण या दोघांशिवाय. संघाने एकमुखाने नाही म्हटलं आणि तो घरी बसला. त्या संघाचं नाव अजून ‘अजिंक्य, अनिमंत्रित’ असंच घेतलं जातं. 1956 च्या शुगर बाऊलआधी पिट्सबर्गच्या बॉबी ग्रायर या काळ्या खेळाडूला खेळू देऊ नये म्हणून जॉर्जियाच्या राज्यपालांनी आकांडतांडव केलं होतं. ग्रायर खेळला. त्याच वर्षी लुइझियानाने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळण्यावर बंदी घालणारा कायदा केला.

अशा जगात लेखी करार ही सुधारणाच होती. बिग टेनचा आणि पॅसिफिक किनाऱ्याचा रोझ बाऊलचा करार 1946 चा. लॉस एंजेलिसच्या लोकांना तेव्हा यूसीएलए या आपल्या विद्यापीठापुढे ‘आर्मी’चा, म्हणजे लष्करी अकादमीचा, अपराजित संघ पाहायचा होता. करारामुळे इलिनॉय आलं, लोक नाराज झाले, आणि 1 जानेवारी 1947 ला इलिनॉयने यूसीएलएला 45-14 असं धुतलं. आपला हक्क मैदानावर सिद्ध केला. करार म्हणजे मर्जीपासून संरक्षण, हा युक्तिवाद त्या दिवशी खरा होता. आणि ओहायोतल्या माझ्या भाच्याच्या विद्यापीठासारख्यांसाठी तो आजही थोडा खरा आहे. त्यांच्या छोट्या कॉन्फरन्सचे करार नसते तर त्या बाऊलने आठ सामने जिंकलेला त्यांचा संघ सोडून सहा जिंकलेला एखादा नामवंत संघ उचलला असता. ड्रमवाल्याचा समुद्र त्या कराराने दिला, हे मी विसरत नाही.

म्हणूनच करार फाडा आणि बाजार मोकळा सोडा, असं मी म्हणत नाही. बाजार मोकळा सोडला की पिवळ्या कोटांचं राज्य परत येईल. मर्जी आणि मक्तेदारी या दोन्हींहून वेगळी वाट आहे, ती मला मांडायची आहे. पण आधी या करारांनी खेळाचं काय केलं ते पाहू.

1986 च्या हंगामात पेन स्टेट आणि मायामी हे देशातले पहिले दोन संघ होते आणि दोन्ही अपराजित. दोघेही कुठल्याच कॉन्फरन्सचे नव्हते, आणि फिएस्टा बाऊलकडे तेव्हा कुठल्याच कॉन्फरन्सशी सोयरीक नव्हती. म्हणून, केवळ म्हणून, पहिला विरुद्ध दुसरा असा सामना 2 जानेवारी 1987 ला होऊ शकला आणि पेन स्टेटने तो 14-10 असा जिंकला. हा फिएस्टा बाऊल जन्मालाच आला होता 1971 मध्ये, अ‍ॅरिझोना स्टेटसारख्या संघांना जुने बाऊल विचारत नव्हते म्हणून. पेन स्टेट-मायामीच्या त्या हंगामानंतर अकरा वर्षांनी, 1997 च्या हंगामात, मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित राहिले. पण मिशिगन रोझ बाऊलला बांधलेलं. त्यांनी पॅसाडिनात वॉशिंग्टन स्टेटला 21-16 हरवलं, दुसऱ्या दिवशी मायामीत नेब्रास्काने टेनेसीला 42-17 हरवलं, आणि एका क्रमवारीत एक तर दुसरीत दुसरा असे दोन राष्ट्रीय विजेते झाले. दोन संघ, एक देश, एकच आठवडा, आणि समोरासमोर येता आलं नाही. मिशिगनचे चाहते अजून त्या सामन्याबद्दल बोलतात, जो झालाच नाही.

वरच्या पातळीवरची ही गाठ हळूहळू सैल झाली. 1998 पासून बीसीएस, म्हणजे पहिल्या दोन संघांची गाठ घालून देणारी व्यवस्था, 2014 पासून चार संघांचं प्लेऑफ, 2024 पासून बारा संघांचं. रोझ बाऊलनेही आपले जुने हट्ट सोडले, तेव्हाच ते जमलं. पैशाची वाटणी मात्र अजून घराण्यांनुसारच आहे. 2026 पासूनच्या वाटपात प्लेऑफच्या उत्पन्नातला जवळपास 58 टक्के हिस्सा बिग टेन आणि एसईसी या दोघांचाच आहे. प्लेऑफखालच्या पंचवीस-तीस सामन्यांत तर 1946 चीच पद्धत चालू आहे, आणि 1946 मध्ये तिला जो अर्थ होता तो आता राहिलेला नाही.

कारण कॉन्फरन्स म्हणजे तेव्हा एक मुलूख होता. मध्य-पश्चिमेचा अजिंक्य विरुद्ध पॅसिफिक किनाऱ्याचा अजिंक्य, यात गंमत होती, अभिमान होता. रोझ बाऊलला जाणारी मुलं बर्फातून निघून उन्हात उतरत. आज लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये आहेत. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. जून 2022 पासून सव्वा वर्षात शतकाहून जुन्या पॅसिफिक घराण्यातल्या, म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्समधल्या, दहा विद्यापीठांनी निघून जायचं जाहीर केलं, वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट ही दोनच मागे राहिली. पण बाऊलांचे करार 2025 च्या हंगामापर्यंत होते. मग काय करायचं? घर मोडलं तरी सोयरीक चालू ठेवली. गेलेल्या दहा जणांनी बाऊलपुरतं जुनं आडनाव लावायचं, असं ठरलं.

28 डिसेंबर 2024 चा अ‍ॅलमो बाऊल हे त्याचं फळ. सॅन अँटोनियोतला हा सामना करारानुसार बिग ट्वेल्व्ह विरुद्ध पॅसिफिक असा. मैदानात उतरले ब्रिगम यंग आणि कोलोरॅडो. कोलोरॅडो त्या हंगामापासून बिग ट्वेल्व्हमध्येच होतं. एकाच कॉन्फरन्समधले दोन संघ, ज्यांनी नुकताच एकाच विजेतेपदासाठी हंगाम खेळला, ते ‘आंतर-कॉन्फरन्स’ करारापोटी एकमेकांसमोर उभे राहिले. ब्रिगम यंगने 36-14 जिंकलं. 2015 मध्येही अ‍ॅरिझोना बाऊलमध्ये नेवाडा आणि कोलोरॅडो स्टेट हे एकाच कॉन्फरन्सचे संघ भिडले होते, तेव्हा निदान सगळ्यांना संकोच तरी वाटला. त्या कॉन्फरन्सच्या आयुक्तांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. 2024 मध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. मला त्या शांततेचं सगळ्यात वाईट वाटलं.

आणि मुलांनी हे सगळं ओळखलेलं आहे. 1 जानेवारी 2016 ला फिएस्टा बाऊलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा मोडला. व्यावसायिक निवडीत पहिल्या पाचांत जाईल असं ज्याच्याबद्दल बोललं जायचं, तो 34 वा गेला. त्याच वर्षाच्या शेवटी क्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट या दोन नावाजलेल्या खेळाडूंनी बाऊल खेळायला नकार दिला, आणि तेव्हापासून ती वाट रुळली. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा सामने जिंकूनही प्लेऑफच्या चारांत घेतलं गेलं नाही. कॉन्फरन्सच्या करारानुसार ते ऑरेंज बाऊलला गेलं. दोन डझनांहून अधिक खेळाडू नसताना उरलेल्या पोरांना जॉर्जियापुढे उभं केलं आणि निकाल लागला 63-3. त्या उरलेल्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं होती. त्यांनी कुणाचा करार पाळला?

डिसेंबर 2025 मध्ये दहा सामने जिंकलेल्या नोटर डेमला प्लेऑफबाहेर ठेवलं, तेव्हा त्यांनी बाऊल खेळायलाच नकार दिला. नोटर डेम फुटबॉलपुरतं स्वतंत्र आहे, त्याला ते जमलं. त्याच वेळी आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेटनेही नको म्हटलं. दोन्हीकडे प्रशिक्षक बदलत होते, संघ विस्कळीत होते. बिग ट्वेल्व्हने दोघांना प्रत्येकी पाच लाख डॉलर दंड केला. बाऊल हे बक्षीस आहे, असं शंभर वर्षं सांगितलं गेलं. नाकारलं म्हणून दंड होतो त्याला बक्षीस म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. शब्द कॉन्फरन्सने दिलेला होता आणि तो पाळण्यासाठी लागणारी शरीरं वीस वर्षांच्या पोरांची होती.

मी जे मागतो ते अवघड नाही. प्लेऑफखालचे सगळे बाऊल एका यादीत घ्या. कॉन्फरन्सच्या नावाने एकही जागा बांधू नका. डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी हंगाम संपला की सहा किंवा अधिक सामने जिंकलेले संघही एका यादीत घ्या. मग कुठल्याही कॉन्फरन्सशी आणि वाहिनीशी नातं नसलेल्या एका समितीने जोड्या लावाव्यात. आधी विजय बघायचे, मग अंतर. आठ जिंकलेल्याला डावलून सहा जिंकलेल्याला जागा नाही, हा एकच नियम छोट्या विद्यापीठांना आजच्या करारांहून भक्कम संरक्षण देईल. अंतर बघितलं की कनेटिकटला अ‍ॅरिझोनात पाठवायची वेळ येणार नाही, चाहते गाडीने येतील, आणि हॉटेलंही भरतील. तिकिटांची सक्ती पूर्ण बंद व्हावी. बँडला फुकट बसू द्या. ज्याला खेळायचं नाही त्याने नाही म्हणावं, दंड नको. आणि बाऊलांशी होणारे करार सरसकट उघड करा. कॉन्फरन्स खाजगी ना-नफा संस्था असल्याने त्यांची कागदपत्रं राज्यांच्या माहिती कायद्याच्या कचाट्यात सहज येत नाहीत, पण त्यांचे सभासद बहुतेक सरकारी विद्यापीठं आहेत. माहितीचा अधिकार लढून मिळवलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं दुखणं वेगळं समजवायला नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आधी नावं बांधलेली नसतील तर टीव्हीवाले पैसे देणार नाहीत. बास्केटबॉल बघा. मार्चमध्ये 68 संघांची स्पर्धा होते. कोण कुठल्या शहरात कुणाशी खेळणार ते एका रविवारी समिती जाहीर करते, कुठल्या शहराची कुठल्या कॉन्फरन्सशी सोयरीक नसते, आणि प्रक्षेपणाचे हक्क वर्षाला अब्ज डॉलरच्या घरात जातात. लोक तो रविवार सणासारखा पाळतात, कार्यालयांतून तक्ते भरले जातात, कारण काय होणार ते कुणालाच आधी माहीत नसतं. फुटबॉलच्याच खालच्या विभागांत एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं रीतसर प्लेऑफ आहे. सर्वोच्च विभाग तेवढा घराण्यांच्या हातात राहिला.

‘परंपरा’ हा शब्दही येतो. परंपरेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच सांगतो. 1 जानेवारी 1916 ला पॅसाडिनात रोझ बाऊल पुन्हा सुरू झाला आणि तेव्हापासून दर वर्षी होतो. त्या पहिल्या सामन्यात ब्राउनला 14-0 हरवणारा संघ होता वॉशिंग्टन स्टेट. 1998 मध्ये मिशिगनसमोर उभा राहिलेलाही तोच. आणि पॅसिफिक घराणं मोडलं तेव्हा मागे ठेवलेल्या दोघांतलाही तोच. 2024 च्या हंगामात या संघाने बारापैकी आठ सामने जिंकले. हंगाम संपताच त्यांचा क्वार्टरबॅक जॉन मटीर ओक्लाहोमाला निघाला आणि प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. उरलेले 27 डिसेंबरला सॅन डिएगोला हॉलिडे बाऊल खेळायला गेले, नव्या क्वार्टरबॅकला घेऊन. सिरॅक्यूजविरुद्ध 52-35 असे हरले, पण पस्तीस गुण करून हरले. ती जागा त्यांना मिळाली ती पॅसिफिक कॉन्फरन्सच्या नावावर, जिच्यात तेव्हा दोनच संघ होते आणि दुसरा पाचच सामने जिंकून घरी बसला होता. करारात नाव नसतं तर त्या आठ विजयांवर त्यांना जागा देणारा एकही नियम अस्तित्वात नव्हता.